शिल्पकाराचा डावा हात

शाडूच्या मातीचे काम करणाऱ्या मूर्तिकाराची बैठक ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांच्या एक गोष्ट खचित ध्यानात आली असेल. त्याची हत्यारे पसरलेली दिसतात, पण ती अस्ताव्यस्त नसतात. बारीक कोरणी उजव्या गुडघ्याशी, पाण्याचे भांडे डाव्या अंगाला, ओले फडके मांडीवर. आणि हे सारे न पाहता हाती यावे अशा बेताने. मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीवर नजर खिळलेली असताना हात आपण होऊन कोरणीकडे जातो नि नेमकी हवी तीच उचलतो. घरातल्या कोणी हौसेने ती बैठक झाडून-पुसून सारी हत्यारे उंचीप्रमाणे ओळीने लावून ठेवली, तर त्या दिवशी कारागिराचा निम्मा वेळ चडफडण्यात जातो. ओळ सुंदर असते. हात मात्र रिकामा परत येतो.

आज शिल्पकारांचा एक नवा वर्ग उदयास आला आहे. त्याच्यापुढे माती नाही, पाणी नाही, छिन्नी नाही. संगणकाचा पडदा आहे, हातात एक लेखणी आहे, आणि पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा दिसणारा एक आकार आहे. लेखणी टेकवून ओढली की गोळ्याला उंचवटा येतो, उलट आज्ञा दिली की खळगा पडतो. चित्रपटांतील राक्षस आणि पशू, मुलांची खेळणी, दागिन्यांचे साचे, पदकांवरील मुखवटे असे नाना प्रकार हल्ली आधी अशा रीतीने घडतात व मग त्रिमितीय मुद्रणयंत्रातून प्रत्यक्षात उतरतात. या कामाची जी आज्ञावली सर्वांत प्रसिद्ध आहे, तिचे नाव झीब्रश. १९९९ साली ती प्रथम लोकांपुढे आली. तिचा कर्ता ओफेर आलॉन याला २०१४ साली ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीने आपल्या शास्त्र-तंत्र विभागातील पुरस्कार दिला. पिक्सोलॉजिक या मूळ कंपनीकडून ती पुढे मॅक्सॉन या जर्मन कंपनीकडे गेली. हा व्यवहार २०२१ च्या अखेरीस जाहीर झाला. दुसरी आज्ञावली ब्लेंडर. ती विनामूल्य मिळते, आणि तिच्यात शिल्पकामाची सोय २००७ पासून आहे. या दोहोंच्या आधारे पोट भरणारी तरुण मंडळी आज हैदराबादेत आहेत, मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. वसईहून धारला जाऊन स्थायिक झालेल्या रघुनाथ कृष्ण फडक्यांनी माळव्यात दगडामातीचे जे शिल्पकाम केले, त्याच्याशी या मंडळींचे नाते दूरचे वाटेल खरे. परंतु हत्यार जागच्या जागी हवे, हा हट्ट दोघांचा एकच.

हत्याराची ही जागा म्हणजे कळफलकावरील कळ. उजव्या हातात लेखणी असते. डावा हात कळफलकावर विसावलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सारी कला उजव्या हाताची. वस्तुतः डावा हात अखंड राबत असतो. कुंचला मोठा कर, लहान कर, मूर्ती फिरव, इतका भाग झाकून ठेव, चुकले, ते पूर्ववत कर, दुसरे हत्यार दे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी परिचारिका जशी शस्त्रवैद्याच्या हाती बिनबोभाट अवजारे ठेवीत जाते, तशी ही डाव्या हाताची चाकरी असते. अशी एकेक आज्ञा एका कळेवर किंवा दोन-तीन कळांच्या जुळणीवर बसविलेली असते. तिला शॉर्टकट किंवा हॉटकी म्हणतात. मराठीत जवळची वाट म्हणावे.

ही वाट किती जवळची, याचे माप घेण्याचा उद्योगही झालेला आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे दाखविले, की हात एखाद्या ठिकाणी नेण्यास लागणारा वेळ हा अंतर आणि ते ठिकाण किती मोठे वा लहान यांवर ठरतो. दूरचे आणि इवलेसे लक्ष्य म्हणजे अधिक वेळ. पुढे १९८० साली स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल या तिघांनी संगणकावरील कामाचे हिशेब मांडले. टंकलेखनाचा सराव असलेल्या माणसाला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, माऊसने पडद्यावरची एखादी खूण गाठण्यास सुमारे १.१ सेकंद, आणि आता काय करावे हे मनाशी जुळविण्यास सुमारे १.३५ सेकंद, असे त्यांचे आकडे आहेत. लेखणीचा हिशेब थोडा वेगळा येईल, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. मूर्तीच्या नाकाशी असलेली लेखणी उचलून पडद्याच्या कडेच्या यादीपाशी न्यायची व पुन्हा नाकाशी आणायची, यात दोन सेकंद सहज जातात. दिवसात हजार वेळा हत्यार बदलले, तर अर्ध्या तासाहून अधिक काळ नुसत्या येरझारांत संपतो.

पण अर्ध्या तासाचे एवढे काय? कारखान्यातला हिशेबनीस त्याचे महत्त्व सांगेल. शिल्पकाराला बोचते ते निराळेच. त्या दोन सेकंदांत त्याची नजर मूर्तीवरून हटलेली असते. गालाचा उतार हनुवटीकडे कसा वळवायचा, हे मनात धरलेले असते. यादीतील बारीक अक्षरे वाचता वाचता ते सुटून जाते. यादी वाचणे हे वाचन आहे, आणि आकार पाहणे हे पाहणे आहे. या दोन कामांत मनाला हजार वेळा ओढून नेणे म्हणजे गायकाला दर आलापानंतर तंबोरा लावायला बसविण्यासारखे होय.

झीब्रशच्या कर्त्यांनी मुळात जी मांडणी करून दिली आहे ती विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. शिफ्ट ही कळ दाबून धरली की हातातले कोणतेही हत्यार घोटणीसारखे चालते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कळ सोडली की मूळचे हत्यार पुन्हा हातात. ऑल्ट दाबून धरली की उंचवट्याऐवजी खळगा पडतो. कंट्रोल दाबून धरली की मूर्तीचा भाग झाकता येतो, म्हणजे त्यावर लेखणी चालत नाही. यातली खुबी ‘दाबून धरली की’ या शब्दांत आहे. एक कळ दाबून अवस्था बदलायची, आणि ती परत आणण्यासाठी दुसरी दाबायची, ही रीत घातक. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचा माणसाला विसर पडतो, आणि घोटायला जावे तो खोदले जाते. लॅरी टेस्लर हा संगणकशास्त्रज्ञ या अवस्थांचा हाडवैरी होता. मजकूर कापणे, उतरविणे व चिकटविणे या आज तोंडपाठ झालेल्या क्रियांना १९७० नंतरच्या दशकात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आकार दिला. त्याच्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती! २०२० साली तो निवर्तला. कंट्रोलबरोबर दाबायच्या झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा कळफलकाच्या खालच्या ओळीत डाव्या हाताखाली शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे उजवा हात माऊसवरून उचलावाच लागत नाही. हे शेजारपण ध्यानात घेतले, म्हणजे कळा निवडण्याचे निम्मे शास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

मग तयार मांडणी चांगली असताना ती बदलण्याचा खटाटोप कशाला? एक कारण असे, की माणूस एकाच आज्ञावलीवर काम करीत नाही. चित्रपटाच्या कारखान्यात सकाळी माया नावाच्या आज्ञावलीत काम, दुपारी झीब्रशमध्ये, असा दिवस जातो. मायात डब्ल्यू म्हणजे सरकविणे, ई म्हणजे फिरविणे आणि आर म्हणजे लहानमोठे करणे. झीब्रशमध्ये डब्ल्यू सरकविण्याचीच, पण ई लहानमोठे करण्याची आणि आर फिरविण्याची. दोन कळांची अदलाबदल, एवढेच. पण ज्याचा हात वर्षानुवर्षे एका क्रमाने वळला आहे, तो दुपारी हटकून मूर्ती फिरवायला जातो आणि तिला फुगवून बसतो. ब्लेंडरचा तर संसारच वेगळा. तेथे एफ दाबली की कुंचल्याचा आकार बदलतो. झीब्रशमध्ये एफ दाबली की मूर्ती पडद्यावर पुरती मावेल अशी बसते, आणि कुंचल्याचा आकार एस या कळेवर असतो. यात कोणाचे बरोबर नि कोणाचे चूक, हा प्रश्नच गैरलागू आहे. उजवीकडून हाकणारे आणि डावीकडून हाकणारे देश असतात, तसेच हे.

दुसरे कारण कळफलकांचे. आपल्याकडील इंग्रजी कळफलकावर वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर ही अक्षरे शेजारी आहेत, म्हणून झीब्रशने आखणे, सरकविणे, लहानमोठे करणे व फिरविणे या चार आज्ञा त्यांवर ओळीने बसविल्या. फ्रान्समधील कळफलकावर ही चौकडी मोडते. तेथे वरच्या ओळीत ए, झेड, ई, आर अशी सुरुवात होते. क्यू दुसऱ्या ओळीत उतरते आणि डब्ल्यू पार तळाशी जाते. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांनी जागा बदललेल्या असतात, त्यामुळे चुकलेले पूर्ववत करण्याची कंट्रोल-झेड ही रोजची जुळणी डाव्या हाताच्या टप्प्याबाहेर जाते. म्हणजे एका देशात सोयीची ठरलेली मांडणी सीमा ओलांडताच गैरसोयीची होते.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. टंकलेखनयंत्रांच्या काळात कचेऱ्यांतील मराठी टंकलेखकांचे हात रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीवर तयार झाले होते. पुढे १९८६ साली भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविण्यात आली: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. शास्त्रशुद्धता तिच्या बाजूने आहे यात शंका नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याला ती लवकर साधते. परंतु ज्यांच्या बोटांत रेमिंग्टन मुरली होती, त्यांना ‘ही अधिक शास्त्रीय आहे’ एवढे सांगून भागण्यासारखे नव्हते. त्यांची मिळकत त्या बोटांच्या वेगावर होती. म्हणूनच आजही मराठी लिहिण्याच्या पुष्कळ आज्ञावल्यांत रेमिंग्टनची मांडणी जतन केलेली आढळते. हाताच्या सवयीला असा मान देणे म्हणजे मागासपणा नव्हे. त्या माणसाने घालविलेल्या वर्षांचा तो हिशेब आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. झीब्रशमध्ये एखाद्या आज्ञेला आपली कळ द्यायची, तर कंट्रोल आणि ऑल्ट या दोन कळा एकदम दाबून धराव्यात आणि पडद्यावरील त्या आज्ञेच्या खुणेवर लेखणी टेकवावी. मग हवी ती कळ किंवा कळांची जुळणी दाबावी. झाले! मायाची सवय असलेल्या माणसाने ‘फिरव’ या खुणेवर अशी लेखणी टेकवून ई दाबावी, ‘लहानमोठे कर’ या खुणेवर टेकवून आर दाबावी. त्याची दुपारची कुचंबणा दोन मिनिटांत संपते. कुंचल्यांचेही तसेच. मुळात बी ही कळ दाबली की सर्व कुंचल्यांचा पट उघडतो. पुढे कुंचल्याच्या नावाचे आद्याक्षर दाबावे, आणि जे उरतील त्यांतून शेवटच्या अक्षराने एक निवडावा. मातीचा थर चढविणारा क्ले बिल्डअप हा कुंचला बी, सी, बी अशा तीन ठोक्यांनी येतो, आकार ओढणारा मूव्ह हा बी, एम, व्ही अशा ठोक्यांनी. तीन ठोके ऐकायला पुष्कळ वाटतात, पण हाताला ते तबल्याच्या बोलासारखे बसतात. तरीही जो कुंचला शंभरदा लागतो, त्याला एक ठोकाच हवा. पट उघडून त्या कुंचल्याच्या चित्रावर तीच कंट्रोल-ऑल्टची युक्ती केली, की वरच्या ओळीतील एखादा आकडा त्याला देता येतो.

येथवर सारे सोपे आहे, आणि येथेच नवशिक्याचा घात होतो. संध्याकाळी मोठ्या हौसेने दहा कळा बसवाव्यात, झीब्रश बंद करावे, आणि सकाळी उघडून पाहावे तो सारे पूर्ववत! दिलेल्या कळा त्या बैठकीपुरत्याच होत्या. त्या टिकवायच्या, तर प्रेफरन्सेस या यादीत हॉटकीज या भागात जाऊन स्टोअर ही आज्ञा देणे आवश्यक असते. ती दिली म्हणजे पुढल्या वेळी आज्ञावली सुरू होताना त्या कळा आपोआप हजर होतात. त्याच ठिकाणी सेव्ह ही आज्ञा आहे. तिने ही यादी निराळ्या फाइलीत लिहून ठेवता येते, आणि लोड या आज्ञेने ती परत आणता येते. स्टोअर हे घरच्या फडताळात ठेवणे, तर सेव्ह हे गाठोडे बांधून बरोबर नेणे. या दोन शब्दांचा अर्थ इंग्रजीत जवळजवळ एकच असल्याने गोंधळ होतो, आणि तो शिकणाऱ्याचा दोष नाही. नावे ठेवणाऱ्याने अधिक विचार करायला हवा होता.

स्वतः तयार केलेल्या कुंचल्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. कळ टिकते, पण ज्या कुंचल्यासाठी ती दिली तो आज्ञावली सुरू होताना हजरच नसेल, तर कळेने कोणाला हाक मारायची? म्हणून असा कुंचला झीस्टार्टअप नावाच्या दप्तरातील ब्रशप्रीसेट्स या खणात आधी ठेवावा लागतो. सुरुवातीलाच तो स्मरणात चढतो, आणि मग त्याची कळ त्याला सापडते. हा बारकावा ठाऊक नसल्याने ‘माझी कळ रोज नाहीशी होते’ अशी तक्रार करीत बसलेले शिकाऊ पुष्कळ भेटतात.

ब्लेंडरचा इतिहास या संदर्भात विशेष बोधक आहे. नेदरलँड्समधील टॉन रोजेंडाल याने आपल्या चित्रशाळेच्या घरगुती उपयोगासाठी १९९४ च्या सुमारास ते रचण्यास घेतले. एक हात कळफलकावर, एक माऊसवर, हे तत्त्व त्यात पहिल्यापासून होते. पुढे ज्या कंपनीने ते चालविले ती २००२ साली बुडाली. तेव्हा लोकांकडून एक लाख युरोंची वर्गणी सात आठवड्यांत गोळा करून आज्ञावलीची मूळ संहिता मुक्त करण्यात आली. असे उदाहरण विरळा. मात्र अशा मुक्त झालेल्या आज्ञावलीतही कळांची मांडणी बराच काळ ठाम होती. ती बदलण्याची खरी मोकळीक २.५ या आवृत्तीच्या मालिकेपासून आली. आणि २०१९ च्या जुलैत २.८० ही आवृत्ती निघाली, तेव्हा एका जुन्या प्रश्नाने डोके वर काढले. तोवर ब्लेंडरमध्ये वस्तू निवडायची ती माऊसच्या उजव्या कळेने. साऱ्या जगात डावीने. नवागतांना ते चमत्कारिक वाटे, जुन्यांना तेच अंगवळणी पडलेले. २.८० मध्ये डावी कळ मूळ ठरविण्यात आली. परंतु कर्त्यांनी एक शहाणपणा केला. पहिल्यांदा उघडताच, निवड डावीने हवी की उजवीने, असे विचारले जाऊ लागले. जुन्या आवृत्तीची संपूर्ण मांडणी एका नावाखाली ठेवून दिली. आणि इतर आज्ञावल्यांतून येणाऱ्यांसाठी तिसरी मांडणी दिली. सुधारणा करावी, पण जुन्या माणसाच्या हातातली काठी हिसकावून घेऊ नये, ही रीत पुष्कळ कार्यालयांनी शिकण्यासारखी आहे.

ब्लेंडरमध्ये कळ देण्यासाठी पडद्यावरील आज्ञेवर उजवी कळ दाबावी. जी यादी उघडते तीत शॉर्टकट देण्याची सोय असते. सगळी मांडणी प्रेफरन्सेसमधील कीमॅप या पानावर पाहता येते. तेथे आज्ञेच्या नावाने शोधता येते तसेच कळेच्या नावानेही शोधता येते. हे दुसरे अधिक मोलाचे, कारण आपण देऊ पाहतो ती कळ आधीच कोणाच्या पदरी आहे की काय, हे त्यावरून कळते. एकाच कळेवर दोन मालक बसले, की कधी एक बोलतो, कधी दुसरा, आणि माणूस संगणकाला नावे ठेवतो. येथे बदल आपोआप जतन होतात, तशी मूळचीच सोय आहे. मांडणी बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवण्याचीही सोय आहे. ती काढताना सगळी मांडणी न काढता केवळ आपण केलेले बदल काढणेच हिताचे. संपूर्ण जुनी मांडणी नव्या आवृत्तीवर लादली, तर नव्या आवृत्तीने आणलेल्या चांगल्या गोष्टीही तिच्याखाली गाडल्या जातात.

कळा किती बदलाव्या आणि कोणत्या? या बाबतीत शिकणाऱ्यांचा उत्साह आवरावा असाच सल्ला देणे भाग आहे. पहिले तीन-चार महिने काहीही बदलू नये. शिकविणारे जे धडे देतात, पुस्तके जे सांगतात, ते सारे मूळ मांडणीला धरून असते. ‘आता एस दाबा’ असे शिक्षक म्हणाला आणि विद्यार्थ्याच्या संगणकावर एसचा अर्थच पालटलेला असेल, तर वर्ग तेथेच अडतो. हात थोडा तयार झाला, म्हणजे एक दिवस कागद-पेन्सिल शेजारी ठेवून प्रत्येक वेळी लेखणी यादीकडे गेली की एक रेघ ओढावी. संध्याकाळी रेघा मोजाव्यात. बहुधा असे दिसते, की सात-आठ आज्ञांनीच बहुतेक रेघा व्यापल्या आहेत. त्या सात-आठांना कळा द्याव्यात, बाकीच्यांना हात लावू नये. क्वचित लागणाऱ्या आज्ञा ब्लेंडरमध्ये क्यू दाबताच उघडणाऱ्या आवडत्यांच्या यादीत टाकता येतात; तेवढे त्यांना पुरे.

कळ निवडताना हात कोठे विसावतो ते पाहावे. डाव्या करंगळीला शिफ्ट व कंट्रोल सांभाळायच्या असतात, अंगठ्याला ऑल्ट. उरलेल्या तीन बोटांच्या टप्प्यात जे येईल ते खरे धन. जोडीच्या आज्ञा जोडीने बसवाव्यात. झीब्रशमध्ये डी ने मूर्तीच्या अधिक बारीक पातळीवर जाता येते आणि शिफ्ट-डी ने पुन्हा ठोकळ पातळीवर, त्या धर्तीवर. आणि शिफ्ट, ऑल्ट, कंट्रोल यांचे दाबून धरण्याचे जे मूळ अर्थ आहेत, त्यांना चुकूनही धक्का लावू नये. करंगळी आणि मनगट ताणून दाबाव्या लागणाऱ्या जुळण्या तरुणपणी खुपत नाहीत. पण आठ-आठ तास, वर्षामागून वर्षे, तोच ताण पडत राहिला की स्नायुबंध कुरकुरू लागतात, आणि मग औषधपाण्याचा खर्च व कामाचा खाडा दोन्ही सोसावे लागतात. त्या दृष्टीने मांडणी बदलणे हा लाड नसून प्रकृतीची काळजी होय.

हे सर्व बोलणे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना धरून झाले. दहांतला एक माणूस डावखुरा असतो, आणि त्याच्या बाबतीत हा विषय सोयीचा राहत नाही, निकडीचा होतो. त्याची लेखणी डाव्या हातात. कळफलकासाठी उजवा हात उरतो. आणि साऱ्या जगाने आपल्या कळा डाव्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या! क्यू, डब्ल्यू, ई, आर, झेड, एस, सगळ्या पलीकडच्या तीरावर. तो एक तर हात उलटासुलटा ताणतो, नाही तर कळफलक तिरपा ठेवून कशीबशी तडजोड करतो. त्याने आपली सगळी मांडणी उजव्या बाजूस, पी, ओ, आय, यू यांच्या आसपास किंवा आकड्यांच्या स्वतंत्र गठ्ठ्यावर आरशासारखी उलटवून घेतली, तर त्याला प्रथमच इतरांच्या बरोबरीने काम करता येते. मात्र यू, आय, ओ या कळांवर झीब्रशने आधीच कुंचल्याचा जोर वगैरे बसविलेले आहेत. त्यांना आधी दुसरे घर शोधून द्यावे लागेल. उजवीकडच्या ऑल्टचाही विचार करावा लागेल. विंडोज संगणकावर भारतीय इंग्रजी कळफलक निवडलेला असेल, तर ती ऑल्ट चारच्या आकड्याबरोबर दाबून रुपयाचे चिन्ह काढण्यासाठी वापरली जाते, आणि संगणक तिला कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबल्याप्रमाणे मानतो. डावखुऱ्याने पहिल्याच दिवशी ही कळ तपासून पाहावी आणि जरूर तर साधा अमेरिकन कळफलक निवडावा. वर्गात असा विद्यार्थी असेल, तर ‘सर्वांनी एकाच रीतीने काम करावे’ हा नियम शिक्षकाने त्याच्यापुरता बाजूला ठेवणेच न्यायाचे.

राहता राहिला जतन करण्याचा प्रश्न. चित्रपटाच्या कामांत पाळ्या असतात. एकाच संगणकावर दिवसा एक, रात्री दुसरा बसतो. शिकवणीच्या वर्गात तर दर तासाला नवा विद्यार्थी. दुसऱ्याच्या संगणकावर आपली मांडणी स्टोअर करून निघून जाणे म्हणजे दुसऱ्याची बैठक विस्कटणे होय. अशा ठिकाणी आपली फाइल लोड करावी, काम करावे आणि स्टोअर न करता उठावे. आज्ञावली बंद होताच तिच्या घरच्या कळा परत येतात. ब्लेंडर आपण होऊन जतन करीत असल्याने तेथे ती आपोआप जतनाची सोय आधी बंद करावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या स्वतःच्या संगणकावर दुसरे संकट नव्या आवृत्तीचे. झीब्रशची नवी आवृत्ती आपले दप्तर वेगळे मांडते. जुन्या आवृत्तीतील कळा तिच्यात आपण होऊन येतीलच असे धरून चालू नये. ब्लेंडर पहिल्या उघडण्याच्या वेळी मागील आवृत्तीच्या आवडीनिवडी उचलू का, असे विचारते. घाईत तो प्रश्न बाजूला सारणारेच अधिक. म्हणून नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी कळांची फाइल काढून ठेवावी, तिच्या नावात आज्ञावलीची आवृत्ती आणि तारीख लिहावी, आणि तिची एक प्रत संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर ठेवावी. दोन्ही आज्ञावल्यांच्या या फाइली साध्या मजकुराच्या असतात. उघडून पाहिल्या तर कोणती कळ कोठे दिली आहे ते ओळीने वाचता येते. त्यांचा आकार इतका लहान असतो, की एका छायाचित्राच्या जागेत अशा कित्येक फाइली मावतील. ज्याला यंत्रावर भरवसा नाही, त्याने त्या सात-आठ कळा एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवाव्यात. महिन्याभराने चिठ्ठीकडे पाहावे लागत नाही, पण संगणक बिघडून नवा आणावा लागला, तर मांडणी पुन्हा उभी करण्यास दहा मिनिटे पुरतात.